रिक्षाचं भाडं, चार भाषांत

निकाल लागले की पुण्यात प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी भरणाऱ्या शनिवार दुपारच्या आमच्या बैठकीत एकच प्रश्न येतो. ‘सर, पायथन करू की जावा?’ शेजारी बसलेली आई लगेच विचारते, ‘नोकरी कशाने लागेल तेवढं सांगा.’ एकाने आधीच कर्वे रोडवरच्या कुठल्याशा क्लासचं माहितीपत्रक आणलेलं असतं, त्यावर सहा महिन्यांत आठ तंत्रज्ञानांची नावं छापलेली असतात.

आम्ही त्या क्षणी उत्तर देत नाही. एक हिशेब देतो आणि तो आठवडाभरात पायथन, जावास्क्रिप्ट, सी आणि जावा या चार प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहून आणायला सांगतो. इतकी वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून आमचं एक मत पक्कं झालंय: पहिली भाषा तिच्या चुकांवरून निवडावी. बरोबर लिहिलेला प्रोग्रॅम सगळ्या भाषांत बरोबरच उत्तर देतो. पहिल्या तीन महिन्यांत मात्र तुमच्या हातून दहापैकी आठ वेळा चुकीचंच लिहिलं जाणार आहे. त्या आठ वेळा भाषा तुमच्याशी कशी वागते, यावर तुम्ही टिकणार की सोडून देणार हे ठरतं.

हिशेब रिक्षाचा. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७ रुपये असा दर धरायचा. प्रवासी डेक्कनहून स्वारगेटला जातो, रिक्षा न सोडता पुढे बिबवेवाडीला जातो. दोन टप्प्यांचं अंतर प्रोग्रॅमने विचारायचं, बेरीज करायची आणि भाडं सांगायचं.

लॅपटॉप उघडण्याआधी वही. पाच उत्तरं हाताने काढून घ्यायची: १ किलोमीटरला २५ रुपये, दीडला २५, ४.२ला ७०.९०, ७.२ला १२१.९०, आणि शून्य टाकलं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ही पायरी मुलं गाळतात आणि तिथेच फसतात. स्क्रीनवर आलेला आकडा बरोबर की चूक हे ताडून बघायला हातात काहीच नसतं, म्हणून जे आलं ते खरं मानून पुढे जातात.

आता पायथन. विंडोजवर नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच पडद्यावर तळाशी एक चौकोन असतो, पायथनला ‘पाथ’मध्ये, म्हणजे संगणक प्रोग्रॅम जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत, टाकण्याचा. त्यावर टिक करायची राहिली, तर इन्स्टॉल नीट होतं, पण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. मुलाला वाटतं इन्स्टॉलच झालं नाही, तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करतो. अशा वेळी नुसतं ‘पी’ आणि ‘वाय’ ही दोन अक्षरं टाइप करून बघा, बहुतेकदा पायथन सुरू होतं. नाहीतर इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’मधून ती टिक लावायची.

प्रोग्रॅम सहा-सात ओळींचा. दोन वेळा ‘इनपुट’, बेरीज, एक अट, एक गुणाकार, एक ‘प्रिंट’. पहिल्यांदा लिहिताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात. ‘इनपुट’ने आलेली गोष्ट आकडा नसून मजकूर असते हे माहीत नसतं. ४.२ आणि ३ टाकले की मजकुराची ‘बेरीज’ म्हणजे जोडणी होते आणि ‘४.२३’ तयार होतं. पुढच्याच ओळीत ते दीडपेक्षा लहान आहे का, असं विचारलेलं असतं. पायथन तिथे थांबतं. ‘टाइप एरर’ म्हणतं, मजकूर आणि दशांश संख्या यांची तुलना होत नाही असं सांगतं आणि कितव्या ओळीत ते घडलं तेही दाखवतं. हा एरर वाचताना आधी सगळ्यात खालची ओळ वाचायची, मग तिच्या वरची. वरून वाचायला लागलं की घाबरायला होतं. दुरुस्ती एका शब्दाची: ‘इनपुट’ला ‘फ्लोट’च्या कंसात घालायचं.

तोच प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये. इथे इन्स्टॉल काहीच करायचं नाही, क्रोम उघडून एफ-१२ दाबलं की कन्सोल हजर. ‘प्रॉम्प्ट’ने अंतर विचारायचं. तेही मजकूरच देतं, म्हणजे चूक तीच आणि जोडणीही तीच, ‘४.२३’. पण जावास्क्रिप्ट थांबत नाही. तुलना करताना ते मजकुराचा गुपचूप आकडा करून घेतं, वजाबाकी करतानाही करून घेतं, फक्त अधिक चिन्हाच्या वेळी जोडून टाकतं. शेवटी ७१ रुपये ४१ पैसे असं उत्तर येतं. कुठे लाल अक्षर नाही, कुठे तक्रार नाही. वहीत १२१.९० लिहिलेले नसतील तर ७१.४१ हे अगदी पटण्यासारखं भाडं आहे!

हे बघून जावास्क्रिप्ट वाईट ठरत नाही. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी दहा दिवसांत उभी केली. वेबपान काहीही झालं तरी अडू नये, हा तिचा स्वभाव आहे. ज्याला स्क्रीनवर बटण हललेलं दिसल्याशिवाय उत्साह येत नाही, त्याच्यासाठी हीच भाषा चांगली. फक्त त्याने उत्तर ताडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे, कारण भाषा ती लावणार नाही.

सी भाषेत याच हिशेबाचं काय होतं ते सगळ्यात बोधक आहे. मुलं अंतरासाठी ‘इंट’ घेतात, म्हणजे पूर्णांक. ४.२ टाइप करून एंटर दाबलं की ‘स्कॅनएफ’ ही वाचायची आज्ञा त्यातले ४ उचलते. उरलेलं ‘.२’ तसंच ताटकळत राहतं. दुसऱ्या टप्प्याचं अंतर वाचायला गेलं की समोर टिंब येतं, ते पूर्णांकात बसत नाही, वाचन फसतं, आणि दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायला नाव दिलेल्या जागेत, आधी जो काही कचरा पडलेला असेल तोच राहतो. भाडं कधी उणे येतं, कधी कोट्यवधी. एकाच कोडचं एका लॅपटॉपवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं उत्तर बघून मुलं चक्रावतात. ‘डबल’ हा दशांश संख्येचा प्रकार घेऊन वाचताना ‘पर्सेंट एफ’ लिहिलं तरी कचराच, तिथे ‘पर्सेंट एल-एफ’ लागतं. व्हेरिएबलच्या आधीचं ‘अँड’ चिन्ह विसरलं तर प्रोग्रॅम बहुतेकदा कोसळतो. जीसीसी या सीच्या कंपायलरने कंपाईल करताना, म्हणजे कोडचं यंत्राला कळणारं रूप करताना, ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ लावलं तर यातल्या बऱ्याच चुकांवर आधीच इशारा मिळतो. नवशिक्याने त्याशिवाय सी कंपाईल करूच नये.

कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी, म्हणजे सीचा जुना कंपायलर, असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. रुपयांऐवजी पैशांत हिशेब करा आणि भाडं ४०० रुपये होईल एवढं अंतर टाका. ४०० रुपये म्हणजे ४०००० पैसे. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा, त्यात ३२७६७ पर्यंतच मावतं. त्यामुळे ४००००चे उणे २५५३६ होतात. घरी जीसीसीवर हाच कोड बरोबर चालतो, कारण तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा. सी शिकल्याने यंत्र कळतं असं म्हणतात ते याच अर्थाने, आणि ते खरं आहे. पण ज्याला अजून लूप (तेच काम पुन्हापुन्हा करून घेणं) म्हणजे काय ते समजायचं आहे, त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सोडवाव्या लागतात.

जावा मात्र कंपाईल होतानाच अडवते. अंतर ‘इंट’मध्ये घेऊन दशांश वाचायला गेलात तर संख्येचा काही भाग हरवेल असं सांगून ती प्रोग्रॅम चालूच देत नाही. हे शिस्तीचं शिक्षण आहे. त्याची किंमत म्हणजे सहा ओळींच्या हिशेबाभोवती क्लास, ‘मेन’, ‘स्टॅटिक’, ‘स्कॅनर’ असा अर्थ न कळता लिहायचा मजकूर. फाइलचं नाव आणि पब्लिक क्लासचं नाव तंतोतंत एक नसेल, अगदी एक अक्षर लहान-मोठं असेल, तरी एरर. ‘स्कॅनर’ने आकडा वाचून लगेच पूर्ण ओळ वाचायला गेलं की ती रिकामीच येते, कारण आकड्यानंतर दाबलेला एंटर तिथे शिल्लक असतो. एवढं एक जरी आधी माहीत असलं तरी नवशिक्याची एक अख्खी संध्याकाळ वाचते.

आठवडा संपला की चारही प्रयत्न समोर मांडायचे आणि एकच विचारायचं: कुठल्या भाषेतली चूक तुला कुणाला न विचारता सापडली? बहुतेक जण पायथनकडे बोट दाखवतात. मग तीच पहिली भाषा, तीन महिने बदलायची नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं, कारण तो रास्त आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या बँकिंग आणि विम्याच्या कामात जावा भरपूर चालते, म्हणून तिसऱ्या वर्षाला असलेला आणि कॅम्पस मुलाखत सहा महिन्यांवर आलेला मुलगा असेल तर आम्ही त्याला सरळ जावा सांगतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगामुळे पुण्यात एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या चिप्सच्या प्रोग्रॅमिंगचं, काम आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला त्यातच जायचं असेल तर तिने सी घ्यावी, टर्बो सी टाळून जीसीसीवर. सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा पदव्युत्तर डिप्लोमा डोळ्यासमोर असेल, तर त्याच्या सी-कॅट प्रवेशपरीक्षेत सी आणि डेटा स्ट्रक्चर्सवर प्रश्न असतात आणि कोर्समध्ये जावावर भर असतो, हे धरून क्रम लावावा. विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्ष अभियांत्रिकीचा प्रोग्रॅमिंगचा विषय पायथनवर होता. तुमच्या वर्षाला जी भाषा परीक्षेला आहे ती सोडून दुसरी निवडण्यात शहाणपण नाही, दोन्हीकडे अर्धवट राहतं. गो, रस्ट, कॉटलिन या चांगल्या भाषा आहेत. पहिली म्हणून नकोत, कारण अडल्यावर विचारायला आसपास माणूस सापडत नाही.

लॅपटॉपचाही विचार करावा लागतो. ४ जीबी रॅमवर पायथन, सी आणि ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट आरामात चालतं. मोबाइल ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओला ८ जीबी किमान, तेही कुरकुरतच. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याने पहिले दोन आठवडे ऑनलाइन कंपायलरवर काढावेत, काही अडत नाही.

पुस्तक अप्पा बळवंत चौकातून जुनं घेणार असाल तर कुठल्याही पानावरचा पायथनचा प्रोग्रॅम बघा. ‘प्रिंट’नंतर कंस नसेल तर ते पायथन २चं पुस्तक आहे. १ जानेवारी २०२०पासून पायथन २ अधिकृतपणे बंद झालं, त्यामुळे कितीही स्वस्त मिळालं तरी ते ठेवून द्या.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सहसा मिळत नाही. तुम्ही मराठीत लिहिता तेव्हा भाषा काय बघते हे पहिल्याच महिन्यात करून पाहा. ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारा. आपण दोन अक्षरं म्हणतो. पायथन ४ सांगतं, जावा आणि जावास्क्रिप्टही ४ सांगतात: प, उकार, ण, एकाराची मात्रा, असे युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, चार वेगळे घटक. सीमध्ये यूटीएफ-८ (ही चिन्हं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) असेल तर १२, कारण प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. स्विफ्ट मात्र २ सांगते, ती आपल्यासारखी अक्षरं मोजते. पायथनमध्ये हाच शब्द उलटा करून छापला तर मात्रा पुढे येते, उकार ‘ण’ला चिकटतो आणि ‘ेणुप’ असं काहीतरी उमटतं. उलटसुलट वाचून सारखा येणारा शब्द ओळखायचा प्रोग्रॅम ‘नयन’ला बरोबर चालतो आणि ‘काका’ला वेगळंच काही सांगतो, त्याचं कारण हेच.

आकड्यांचंही तसंच. आमच्याकडे एका मुलीने मराठी कीबोर्ड चालू असतानाच अंतर देवनागरी आकड्यांत टाकलं आणि पायथनने ते मुकाट्याने स्वीकारून बरोबर भाडं सांगितलं. पायथनचं ‘फ्लोट’ देवनागरी अंक ओळखतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ ओळखत नाही, ते ‘हा आकडा नाही’ अशा अर्थाचं ‘नॅन’ देतं.

भाषा ठरली की दुसऱ्याच आठवड्यात फ्रेमवर्कचा प्रश्न येतो. रिअ‍ॅक्ट करू? जँगो? स्प्रिंग बूट? इथे आमचं उत्तर ठाम ‘अजून नाही’ असतं. फ्रेमवर्क म्हणजे अनुभवी लोकांनी पुन्हापुन्हा करावी लागणारी कामं बांधून ठेवलेला सांगाडा. ती कामं हाताने एकदाही न केलेल्याला सांगाड्यातला कुठला खांब कशासाठी आहे ते कळत नाही. स्प्रिंग बूटमध्ये एक अक्षर चुकलं की शंभरेक ओळींचा एरर येतो आणि त्यात तुमच्या फाइलचं नाव क्वचित दिसतं. खरं कारण बहुतेकदा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ लिहिलेल्या ओळीत असतं, पण ती ओळ समजायला जावा यावी लागते. रिअ‍ॅक्टचं वेगळंच. ते २०१३मध्ये आलं आणि त्याभोवतीची साधनं सतत बदलत आली. जुन्या व्हिडिओत ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप’ वापरलेलं असतं, ते साधन २०२५मध्ये अधिकृतपणे मागे टाकलं गेलं. आता ‘व्हीट’ (Vite) या साधनाने सुरुवात करतात. व्हिडिओ बघून जसंच्या तसं टाइप करणारा मुलगा पहिल्याच पायरीवर अडतो, आणि चूक त्याची नसते.

फ्रेमवर्कला हात कधी लावायचा त्याची आमची खूण अशी: समोर काही न ठेवता, कोऱ्या फाइलमध्ये लूप, फंक्शन, यादी आणि डिक्शनरी वापरून एक चालणारा प्रोग्रॅम लिहिता आला, फाइल वाचता आली, आणि एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने, दोन टेबलं जोडून माहिती काढता आली, की खुशाल. रोज एक तास दिला तर याला साधारण ९० दिवस लागतात. त्या तासातली ४० मिनिटं टाइप करायची, वाचन आणि व्हिडिओ २० मिनिटांत बसवायचे. उलट प्रमाण ठेवणाऱ्यांना सगळं ‘समजलेलं’ असतं आणि लिहिता काहीच येत नाही.

या ९० दिवसांत पायथनवाल्यांना हमखास लागणारे खड्डे सांगून ठेवतो. संख्या ओळखायचा खेळ लिहून फाइलला ‘रँडम’ नाव दिलं, की पायथन स्वतःचं रँडम सोडून तुमचीच फाइल उचलतं आणि ‘रँडइंट’ नावाचं काही नाहीच म्हणतं. फाइलचं नाव बदला. टॅब आणि स्पेस एकाच फाइलमध्ये मिसळू नका. एका यादीला दुसरं नाव दिलं म्हणजे नक्कल झाली असं समजू नका, मंडईच्या यादीतून दुसऱ्या नावाने कांदे खोडले तर पहिल्यातूनही जातात. खरी नक्कल हवी तर ‘कॉपी’ वापरा. ‘राउंड’ने ७०.५चे ७० होतात आणि ७१.५चे ७२, कारण बरोबर मध्यावरचा आकडा पायथन सम संख्येकडे नेतं.

एसक्यूएलसाठी वेगळं काही बसवू नका, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथनसोबतच येतो. रिक्षाच्या फेऱ्या एका टेबलात, चालक दुसऱ्यात, आणि कुठल्या चालकाची आजची कमाई किती हा प्रश्न. आणि हीच यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) लिहून एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, किंवा विंडोजवर फाइल लिहितानाच ‘चारमॅप’चा एरर येतो. दोन्हीवर इलाज एकच: फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, स्वतः सांगायचं, आणि एक्सेलसाठी ते ‘यूटीएफ-८-सिग’ असं द्यायचं. नुसतं यूटीएफ-८ दिलं तर एरर जातो, पण एक्सेलमधली चिन्हं तशीच राहतात.

तीन महिन्यांनी दुसरी भाषा घ्यायची वेळ येते, बहुतेकांची जावा. तेव्हा पहिल्या दिवशी पुन्हा तोच रिक्षाचा हिशेब काढायचा. तीच वही, तीच पाच उत्तरं. मागच्या वेळी आठवडाभर पुरलेला प्रोग्रॅम आता दुपारच्या चहापर्यंत होतो, आणि नवीन शिकायचं काय ते नेमकं समोर येतं: प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगायचा, आणि ‘स्कॅनर’नंतरचा तो शिल्लक एंटर.